कलोनियल कझिन्स : आलाप आणि गिटार यांच्या सीमेवरचा पहिला अल्बम

'मॅग्नासाउंड' कंपनीने १९९६ साली 'कलोनियल कझिन्स' हा अल्बम बाजारात आणला. गझल, पॉप, शास्त्रीय की भक्तिगीते, नेमक्या कोणत्या कप्प्यात ही कॅसेट ठेवावी, असा प्रश्न कोणाही विक्रेत्याला पडावा, असेच तिचे स्वरूप होते. हरिहरन आणि लेस्ली लुईस या मुंबईकर जोडीचा हा पहिलाच एकत्रित अल्बम. जोडीचे आणि अल्बमचे नावही एकच. वसाहतीच्या वारशाने नात्यात आलेले दोन चुलतभाऊ, असा त्याचा खट्याळ अर्थ.

दोघांची घडण मात्र भिन्न होती. हरिहरन हे कर्नाटक संगीताची परंपरा असलेल्या घरातले. पुढे उस्ताद गुलाम मुस्तफा खाँ यांचे शिष्य. १९७८च्या 'गमन'मध्ये जयदेव यांनी त्यांना पार्श्वगायनाची संधी दिली आणि नंतर गझलगायक म्हणून त्यांनी नाव मिळवले. लेस्ली लुईस हे चित्रपटांचे नृत्यदिग्दर्शक पी. एल. राज यांचे पुत्र, हाडाचे गिटारवादक. दोघांना जोडणारा दुवा होता जाहिरातींच्या जिंगल्सचा. अर्ध्या मिनिटात श्रोत्याचे लक्ष वेधून घेण्याची ही कला संगीताचे पंडित फारशी मोजत नाहीत. पण या अल्बममधील नेमकेपणा बहुधा तेथूनच आला असावा.

अल्बमची कीर्ती झाली ती प्रामुख्याने 'कृष्णा नी बेगने बारो'मुळे. मूळ रचना कन्नड, व्यासरायांची. विठ्ठलभक्त पुरंदरदासांचे हे गुरू, त्यामुळे मराठी श्रोत्यालाही हे घराणे परके नाही. यमुनाकल्याणी रागातील या पदात बाळकृष्णाला लवकर येण्याची विनवणी आहे. हरिहरन ती मुळाबरहुकूम आळवतात. लुईस यांच्या इंग्रजी ओळी त्याच देवाला निरनिराळ्या धर्मांतील नावांनी परत बोलावतात. १९९२-९३च्या दंगली होऊन जेमतेम तीन-चार वर्षे लोटली होती. त्या मुंबईतून निघालेली ही हाक केवळ स्वरांची गंमत म्हणून ऐकणे कठीण जाते.

या गाण्यांची रचना मुद्दाम धूसर ठेवलेली आहे. गिटारचे मोजके स्वरमेळ खाली संथपणे फिरत राहतात आणि त्यांवर आलाप धुक्यासारखा पसरतो. इंग्रजी ओळ कोठे संपली आणि सरगम कोठे सुरू झाली, हे चटकन उमगत नाही. 'सा नी धा पा'मध्ये तर स्वरांची नावेच गाण्याचा मुखडा झाली आहेत. 'इंडियन रेन'मध्ये हाच ओलसर धूसरपणा अधिक गडद होतो. त्या काळच्या अनेक 'फ्यूजन' प्रयोगांत रागदारी ही वरून शिंपडलेली कोथिंबीर असे. येथे ती भाजीतच शिजली आहे.

उपग्रह वाहिन्यांनी या गाण्यांना घराघरांत नेले. 'एमटीव्ही अनप्लग्ड'मध्ये झळकलेले हे पहिले भारतीय कलाकार ठरले. एमटीव्हीचा भारतीय प्रेक्षकपसंतीचा पुरस्कारही त्यांच्याकडे आला. त्यानंतर 'द वे वुई डू इट' (१९९८) आणि 'आत्मा' (२००१) हे अल्बम निघाले, पण पहिल्याची सर त्यांना आली नाही. यात दोष केवळ कलावंतांचा नव्हे. नव्या शतकात कॅसेटचा बाजार ओसरला, संगीतवाहिन्यांवर चित्रपटगीतांचा वरचष्मा झाला आणि चित्रपटाबाहेरच्या पॉप गाण्याचे हक्काचे दुकानच उठले.

दोघे आपापल्या वाटेने कार्यरत राहिले. लुईस यांनी २०११ साली 'कोक स्टुडिओ अॅट एमटीव्ही'च्या पहिल्या पर्वाची सूत्रे सांभाळली. लोकसंगीत आणि गिटार यांची तीच जुनी सोयरीक तेथे नव्या पिढीने पाहिली. हरिहरन यांना 'जोगवा'तील 'जीव रंगला' या मराठी गीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार लाभला. त्या गाण्याचे संगीतकार अजय-अतुल, म्हणजे पुन्हा एक जोडीच.