मुंबई-नागपूर : विमान की रस्ता?

मुंबईहून नागपूरला जायचे ठरले की हल्ली घरोघरी एक प्रश्न हमखास निघतो. विमानाने जायचे की गाडी काढायची? पुण्याला जाताना असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि तिथले उत्तर रस्त्याच्या बाजूने पक्के झाले. दिल्लीला जाणारा मुंबईकरही गाडीचा विचार क्वचितच करतो. नागपूर मात्र या दोन्हींच्या मध्ये येते. अंतर सातशे-आठशे किलोमीटरचे, म्हणजे विमानाला थोडे आणि गाडीला बरेच. तरीही आज तिथे दोन्ही पारडी जवळजवळ सारखी आहेत. ती सारखी कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाड-नागपूरचे तोंड केवळ मुंबईकडे नव्हते. इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून लमाणांचे तांडे गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत असत. या प्रवासात महिने जात आणि पावसात कापूस भिजे. मग रेल्वे आली. १८६७ मध्ये मुंबईची गाडी नागपूरला पोहोचली आणि कापसाची वाट कायमची बदलली. महिन्यांचे अंतर दिवसांवर आले, पुढे एका रात्रीवर आले. संध्याकाळी गाडीत बसायचे आणि सकाळी उतरायचे, ही सवय विदर्भाच्या कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडली. आजही ती मोडलेली नाही.

विमानाने नागपूरला खरे महत्त्व दिले ते १९४९ साली, आणि तेही माणसांसाठी नव्हे, पत्रांसाठी. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळणमंत्री होते. त्यांच्या काळात रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत आणि देशाच्या मध्यावर, नागपूरला, एकत्र येत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने आपापल्या गावी परत फिरत. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासला पोहोचू लागले. या विमानांतून थोडे प्रवासीही जात. पण सामान्य माणसाच्या दृष्टीने ते अप्रूपच होते. पत्राला विमान परवडत होते, माणसाला अजून परवडत नव्हते.

त्याच सुमारास या अंतराला राजकीय अर्थ येऊ लागला. नागपूर ही तोवर मध्य प्रांताची राजधानी होती. सरकारी काम असले तर विदर्भातल्या माणसाला नागपूरपर्यंत गेले की पुरे. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि कचेरी रेल्वेमार्गाने ८३७ किलोमीटर दूर गेली. हे अंतर लोकांना जाचेल याची कल्पना नेत्यांना होती. १९५३ च्या नागपूर करारात दरवर्षी काही काळ सरकारने नागपूरला यावे असे ठरले, ते उगाच नाही. आजचे हिवाळी अधिवेशन हे त्या कलमाचेच फळ. फायलीवर सही हवी असलेल्या माणसापुढे मात्र रेल्वेखेरीज दुसरी वाट नव्हती.

१९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि देशांतर्गत उड्डाणे इंडियन एअरलाइन्सकडे आली. मंत्री, बडे अधिकारी, मोठे व्यापारी विमानाने जात, बाकीचे रेल्वेने. रस्त्याचा विचार ट्रकवाल्यांनी करायचा. नाशिक, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती असा तो मार्ग, बराचसा दुपदरी आणि प्रत्येक गावाच्या बाजारपेठेतून जाणारा. चौदा-सोळा तास सहज लागत. म्हणजे त्या काळात निवड होती ती विमान आणि रेल्वे यांत, आणि तीही खिशाने आधीच करून टाकलेली असे.

ही कोंडी दोन टप्प्यांनी फुटली. पहिला टप्पा आकाशातला. १९९४ मध्ये सरकारी मक्तेदारीचा कायदा रद्द झाला, खासगी कंपन्या स्थिरावल्या आणि २००३ पासून स्वस्त विमानसेवेचे युग सुरू झाले. तिकीट आधी काढले तर वातानुकूलित रेल्वे डब्याच्या भाड्याच्या आसपास मिळू लागले. पण एक नवी गोष्ट आली. भाडे ठरलेले राहिले नाही. दिवाळीत, लग्नसराईत, अधिवेशनाच्या दिवसांत तेच तिकीट दुपटी-तिपटीवर जाऊ लागले.

दुसरा टप्पा जमिनीवरचा. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला भाग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा भाग जून २०२५ मध्ये. दहा जिल्ह्यांतून जाणाऱ्या या रस्त्याने सोळा तासांचा प्रवास आठ तासांवर येईल, असे सांगितले गेले.

आता प्रत्यक्ष हिशेब करून पाहू. विमान हवेत असते सव्वा ते दीड तास. पण मुंबईतल्या घरातून विमानतळ गाठायचा, दीड-दोन तास आधी पोहोचायचे, तपासणी, सामानाची वाट पाहणे, हे सगळे धरले की घरापासून घरापर्यंत पाच-सहा तास जातात. नागपूरचा विमानतळ शहरालगत आहे. वेळ खातो तो मुंबईकडचा टोक. गाडीचे आठ तास हे आमणे ते नागपूर एवढ्याचे. भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंत पोहोचायचे, वाटेत जेवायचे, थोडे थांबायचे, म्हणजे दहा तास धरावेत. खर्चाचे म्हणाल, तर लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या गाडीला पन्नासेक लिटर पेट्रोल लागते. लिटरला शंभर रुपये धरले तर पाच हजार, आणि २०२५ च्या दराने चौदाशेच्या आसपास पथकर. हे साडेसहा हजार एकट्याला लागतात आणि पाच जणांनाही तेवढेच. विमानाचे तिकीट मात्र माणशी. म्हणून एकटा कामाला जाणारा विमान धरतो आणि लग्नाला निघालेले कुटुंब गाडी काढते. दोघांचेही बरोबर आहे.

या हिशेबात एक रकाना बहुतेक जण मोकळा सोडतात. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. सरळ, रिकामा, एकसुरी रस्ता चालकाला गुंगी आणतो, उन्हात तापलेल्या रस्त्यावर झिजलेले टायर फुटतात, हे त्या सुमारास सर्वांना कळून चुकले. वैमानिकाने सलग किती तास काम करायचे, मध्ये किती विश्रांती घ्यायची, याचे काटेकोर नियम आहेत आणि ते पाळले जातात की नाही हे पाहणारी यंत्रणा आहे. घरच्या गाडीच्या चालकाचे तास कोणी मोजत नाही. दिवसभर नोकरी करून रात्री दहाला निघणारा माणूस स्वतःच स्वतःचा निरीक्षक असतो.

आणखी एक गोष्ट. विमानाचा विचार मुंबई आणि नागपूर या दोन टोकांचाच असतो. मधल्या मेहकरच्या, कारंजाच्या माणसाला विमान घ्यायचे तर आधी दुसऱ्या गावचा विमानतळ गाठावा लागतो. आजारी माणसाला मोठ्या दवाखान्यात न्यायचे असो की मुलाला परीक्षेला सोडायचे असो, त्याच्यासाठी विमान की रस्ता हा प्रश्नच नाही; त्याच्या वाट्याला रस्ताच आहे. म्हणून या रस्त्याची सुरक्षितता ही केवळ हौसेने गाडी काढणाऱ्यांची बाब राहत नाही.

दीडशे वर्षांत बैल गेले, रेल्वे आली, पत्रांमागून माणसे आकाशात गेली आणि शेवटी रस्ता सुधारला. निवड करण्याची सोय प्रथमच सामान्य माणसाच्या हाती आली आहे. ती करताना तिकीट आणि पेट्रोल यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : गाडी चालवणार कोण आणि तो किती झोपलेला आहे? दोन चालक असतील, निघणे पहाटेचे असेल, टायर चांगले असतील, तर खुशाल रस्त्याने जावे. नाही तर विमान आहे, आणि विमान महाग पडत असेल तर संध्याकाळी सुटणारी जुनी रेल्वेगाडी आजही आहेच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)