न्यूटनची रीत तपासताना

२२ नोव्हेंबर १६९३ रोजी रोजनिशीकार सॅम्युअल पेपिसने न्यूटनला पत्रातून एक कोडे घातले. सहा फासे टाकून निदान एक सहा, बारा टाकून निदान दोन, की अठरा टाकून निदान तीन; कशाचा संभव जास्त? पेपिसचा कौल तिसऱ्याला होता. सरासरी १, २, ३ येते, म्हणून आपल्याला तिन्ही सारखेच वाटतात.

हिशेब करू. सहा फाशांत एकही सहा न पडण्याची संभाव्यता ५/६ चा सहावा घात. ती १ मधून वजा केली की ०.६६५. दुसऱ्यासाठी 'एकही नाही' आणि 'नेमका एक' ही दोन्ही वजा करायची: ०.६१९. त्याच रीतीने तिसऱ्याचे ०.५९७. न्यूटननेही पहिल्यालाच कौल दिला.

पण पटवण्यासाठी त्याने तोंडी कारणही दिले: एकच सहा पडला तर पहिला जिंकतो, दुसरा हरतो. स्टीफन स्टिग्लर यांनी २००६ साली त्यातली उणीव दाखवली. या कारणात १/६ कुठेच येत नाही. सहा पडण्याची संभाव्यता १/४ धरा, कारण तेच राहते, क्रम मात्र उलटतो: ०.८२२, ०.८४२, ०.८६५.

आकडेमोडीला मी पूर्ण गुण देईन, कारणाचे कापीन. वहीत बरोबर उत्तर दिसले की आपण रीत वाचतच नाही, आणि मुलाचा गैरसमज तसाच पुढच्या इयत्तेत जातो.