‘हे जाणार आहे’: एका सूचनेची कुळकथा

१९५७ साली आयबीएम ७०४ या संगणकासाठी फोरट्रान भाषा आली, तेव्हा तिच्यात ‘पॉझ’ नावाची एक आज्ञा होती. ती आली की यंत्र थांबायचं. शेजारी उभा असलेला ऑपरेटर टेपचं रीळ बदलायचा, बटण दाबायचा आणि काम पुढे सुरू व्हायचं. तीसेक वर्षांत ऑपरेटर गेला, रिळं गेली. प्रोग्रॅम चालवणारा माणूस यंत्रापासून दूर, टर्मिनलसमोर बसू लागला. ‘पॉझ’ मात्र भाषेत तशीच होती. तिला काढायचं म्हटलं, तर ती वापरणारे प्रोग्रॅम कुठे आहेत, किती आहेत, कोण सांभाळतंय, हे भाषेचं मानक ठरवणाऱ्या समितीला कळायला काहीच मार्ग नव्हता.

सॉफ्टवेअरमधली जुनी सोय काढण्याआधी ती वापरणाऱ्याला कळवायचं, हा रिवाज अशा अडचणीतून घडला. त्याचा इतिहास पाहिला की एक गोष्ट दिसते. काय काढायचं हा वाद त्यात फारसा नाहीच. सूचना कोणाच्या कानावर घालायची, याचाच हा सगळा शोध आहे.

फोरट्रानच्या समितीनं आधी सरळ काढून पाहिलं होतं. १९७८ साली मंजूर झालेल्या ‘फोरट्रान ७७’मधून हॉलरिथ नावाचा जुना डेटा-प्रकार वगळला. पण कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, बनवणाऱ्यांचे ग्राहक जुने प्रोग्रॅम घेऊन दारात उभे होते. खुद्द मानकाच्या परिशिष्टातच, हा प्रकार ज्यांना चालू ठेवायचा आहे त्यांनी तो कसा ठेवावा, याच्या शिफारशी द्याव्या लागल्या.

त्यानंतरच्या ‘फोरट्रान ९०’नं रीत बदलली. मानकात दोन याद्या आल्या. एकीत कालबाह्य होऊ लागलेल्या, म्हणजे पुढे कधीतरी जाऊ शकतील अशा गोष्टी आणि दुसरीत काढून टाकलेल्या. दुसरी यादी त्या वेळी मुद्दामच रिकामी होती. ‘पॉझ’ पहिल्या यादीत गेली. तिच्यासोबत ‘एच’ची छपाईची पद्धतही गेली. त्या पद्धतीत छापायच्या मजकुरातली अक्षरं हातानं मोजून आकडा आधी लिहावा लागे आणि मोजणी एकानं चुकली की सगळंच बिघडे. ‘फोरट्रान ९५’मध्ये दोन्ही दुसऱ्या यादीत आल्या. संख्या ऋण, शून्य की धन यावरून तीन वाटा फोडणारा ‘अंकगणिती इफ’ मात्र चिवट निघाला. ‘फोरट्रान ९०’च्या यादीत नाव लागूनही तो ‘फोरट्रान २०१८’पर्यंत टिकला.

याद्यांइतकंच महत्त्वाचं आणखी एक कलम ‘फोरट्रान ९०’मध्ये होतं: मानक पाळणाऱ्या कंपायलरला अशा कालबाह्य गोष्टी ओळखून त्यांची नोंद देता आली पाहिजे. मानकाचं जाडजूड पुस्तक किती प्रोग्रॅमर वाचणार? कंपायलर मात्र प्रत्येकाला रोज वापरावा लागतो. सूचना पुस्तकातून निघून यंत्राच्या तोंडी आली. आजही जी-फोरट्रान कंपायलरला ‘अंकगणिती इफ’ दिला तर तो तो चालवतो, पण ही गोष्ट भाषेतून काढलेली आहे, असं बजावून.

सगळ्याच गोष्टींना इतका निवांत वेळ देणं परवडत नाही. सी भाषेतलं ‘गेट्स’ हे फंक्शन वापरणाऱ्यानं टाइप केलेली ओळ वाचून घेतं. पण ओळ ठेवायला जागा किती आहे, हे त्याला सांगायची सोयच नाही. ओळ लांब असली तर ती शेजारच्या मेमरीवर चढते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्म या उपद्रवी प्रोग्रॅमनं घुसायला ज्या फटी वापरल्या, त्यांतली एक हीच होती. तरीही पुढच्याच वर्षीच्या एएनएसआय मानकात ‘गेट्स’ राहिलं. मानकातून ते निघालं २०११ मध्ये. मधल्या काळात जी जाग आणली ती जीएनयूच्या लिंकरनं. ‘गेट्स’ वापरणारा प्रोग्रॅम जोडताना तो म्हणे, हे फंक्शन धोकादायक आहे, वापरू नका.

इथवर बजावण्याचा अधिकार भाषेच्या समितीकडे किंवा कंपायलर लिहिणाऱ्यांकडे होता. १९९७ साली जावाच्या १.१ आवृत्तीनं तो लायब्ररी लिहिणाऱ्या कोणाही प्रोग्रॅमरच्या हाती दिला. फंक्शनच्या वर माहितीसाठी जी टिप्पणी लिहितात, तिच्यात ‘अ‍ॅट-डेप्रिकेटेड’ (म्हणजे ‘आता वापरू नका’) एवढी खूण आणि त्याऐवजी काय वापरायचं ते लिहायचं. टिप्पणी माणसांसाठी असते, कंपायलर ती ओलांडून पुढे जातो; हा नियम जावानं या एका खुणेपुरता मोडला. कंपायलर ती खूण वाची, तयार झालेल्या फाइलमध्ये नोंदवी आणि ते फंक्शन वापरणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमरला वॉर्निंग देई. २००४ च्या जावा ५ मध्ये ही खूण टिप्पणीतून बाहेर येऊन भाषेचा रीतसर भाग झाली.

पण या वॉर्निंगचा आवाज फार मोघम होता. काही फाइल्समध्ये डेप्रिकेटेड गोष्टी वापरल्या आहेत, तपशील हवा तर अमुक पर्याय देऊन पुन्हा कंपाइल करा, एवढंच तो सांगे. तपशील मागणारे थोडेच. शिवाय खूण लागलेलं फंक्शन खरंच जाणार आहे, की नुसतंच नावडतं आहे, हे कळत नसे. चालू थ्रेडला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या कामाच्या एका स्वतंत्र धाग्याला, जागच्या जागी मारणारं ‘थ्रेड.स्टॉप’ हे फंक्शन अर्धवट बदललेला डेटा मागे टाकून जातं, म्हणून १९९८ मध्ये ते डेप्रिकेट झालं. पण गेलं नाही. जवळपास वीस वर्षं जावाच्या मूळ लायब्ररीतून असं काही काढलंच गेलं नाही, आणि प्रोग्रॅमरांनीही ओळखलं की ही खूण मनावर घ्यायची नसते. २०१७ च्या जावा ९ मध्ये जावाच्या चमूतले स्टुअर्ट मार्क्स यांनी या खुणेला दोन पुरवण्या जोडल्या: कोणत्या आवृत्तीपासून, आणि खरोखर काढायचं आहे का. परिषदांमधून ‘डॉक्टर डेप्रिकेटर’ या नावानं ते हा विषय समजावत असत.

पायथनची अडचण वेगळी होती. तिथे कंपायलरची वेगळी पायरी प्रोग्रॅमरला जाणवतच नाही, म्हणून सूचना प्रोग्रॅम चालू असतानाच द्यावी लागते. पायथनचे जनक गीडो व्हान रॉसम यांनी नोव्हेंबर २००० मध्ये वॉर्निंगची यंत्रणा मांडली आणि २००१ च्या २.१ आवृत्तीत ती आली. पण चालणारा प्रोग्रॅम पाहणारा माणूस बहुधा तो लिहिणारा नसतो. संगणकावर नवं पायथन आलं की हिशेब किंवा चित्रं करणाऱ्या साध्या माणसाच्या पडद्यावर, ज्याचं त्याला काही कळत नाही आणि जे त्याला बदलताही येत नाही, अशा वॉर्निंगा झळकायच्या. म्हणून २०१० च्या २.७ आवृत्तीत त्या आपोआप दिसणं बंद केलं. परिणाम व्हायचा तोच झाला: ज्यांना दिसायला हव्यात त्या प्रोग्रॅमरांनाही त्या दिसेनाशा झाल्या. मग २०१८ च्या ३.७ मध्ये मधला मार्ग निघाला. थेट चालवलेल्या मुख्य फाइलमध्ये जुनी सोय वापरली असेल तर वॉर्निंग दिसते. कुठल्या तरी लायब्ररीच्या पोटात असेल तर नाही. लिहिणारा आणि चालवणारा बहुतेक एकच असतो ती जागा शोधायला सतरा वर्षं लागली.

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, आधी बजावण्याची ही रीत चक्क टाकून दिली गेली. तिथे बरीच वर्षं एक फाइल असे: काय काढणार, कधी, का आणि कोण. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये ती काढून टाकली. पुढे २०१८ मध्ये कर्नल बांधताना येणाऱ्या डेप्रिकेशनच्या वॉर्निंगाही त्यांनी बंद केल्या. युक्तिवाद सरळ होता. जुनं फंक्शन नको असेल तर ते वापरणारा सगळा कोड बदला आणि फंक्शन काढा. ते करायचं नसेल तर ओरडू नका, कारण त्या गलबल्यात खऱ्या चुकांच्या वॉर्निंगा हरवतात. कर्नलच्या आतला सगळा कोड एकाच भांडारात असतो, म्हणून त्यांना हे जमतं. ज्यांचे वापरकर्ते जगभर विखुरलेत त्यांना ही चैन नाही.

इंटरनेटवरच्या सेवांना तर कंपायलर नाही आणि पडदाही नाही. एक यंत्र दुसऱ्या यंत्राशी बोलत असतं. २०१९ मध्ये ‘सनसेट’ नावाचं एक हेडर ठरलं. सर्व्हरनं प्रत्येक उत्तरासोबत ही सेवा अमुक तारखेला बंद होईल, असं सांगायचं. पण हेडर वाचणारा प्रोग्रॅमही कोणीतरी लिहिलेला असावा लागतो. प्रोग्रॅमरांचा कोड साठवणाऱ्या गिटहब या सेवेनं २०२१ मध्ये त्याहून ठाम उपाय केला. गिटच्या कामासाठी पासवर्ड वापरणं १३ ऑगस्टपासून बंद होणार, हे कित्येक महिने आधी जाहीर झालं होतं. त्याआधी ठरलेल्या दिवशी काही तास पासवर्ड नाकारले गेले आणि पुन्हा सुरू झाले. जाहीर वेळापत्रकातलं भारनियमनच ते. ज्यांनी कुठलीही घोषणा वाचली नव्हती त्यांचं काम थोडा वेळ अडलं आणि दुरुस्तीला मुदत हातात असतानाच त्यांना कारण शोधावं लागलं.

काय जाणार, कधी जाणार, त्याऐवजी काय वापरायचं आणि बदल करणं ज्याच्या हातात आहे त्याला ते दिसतंय का, ही चार कलमं इतक्या वर्षांत पक्की झाली आहेत. पाचवं कलम पाळायला सगळ्यांत जड: सांगितलेल्या दिवशी खरंच काढणं. पायथनमधली काही नावं २०१२ मध्ये ‘कलेक्शन्स’मधून नव्या घरी हलवली गेली. जुन्या पत्त्यावर ती ३.८ मध्ये मिळणार नाहीत, असं वॉर्निंग सांगत असे. मग मुदत एकेका आवृत्तीनं पुढे सरकली आणि अखेर ती २०२१ च्या ३.१० मध्ये गेली. त्या दिवशी नऊ वर्षं न बदललेले कितीतरी प्रोग्रॅम बंद पडले. मुदतवाढ दयेपोटी दिली जाते, पण तिचा लाभ मुळात ऐकत नसलेल्यालाच होतो. ज्यानं वेळेवर कोड बदलला त्याला पुढची तारीख खोटी वाटू लागते. ‘थ्रेड.स्टॉप’नं २०२३ च्या जावा २० मध्ये काम करणं सोडलं आणि ते बोलावणाऱ्याला थेट एरर द्यायला सुरुवात केली. त्याच्यावर खूण लागून तेव्हा चोवीस वर्षं उलटून गेली होती.