तिसऱ्यांदा मेसेज तुटला

गॉल म्हटलं की आपल्याला क्रिकेटचं मैदान आठवतं. त्याच्या जवळच कोग्गला नावाचा तलाव आहे. आजची गोष्ट तिथून सुरू होते.

एप्रिल १९४२. श्रीलंका तेव्हा सिलोन, राज्य ब्रिटिशांचं. या तलावावर कॅटालिना विमानं असायची. पोट बोटीसारखं, त्यामुळे पाण्यावरच उतरायचं आणि पाण्यावरूनच उडायचं. वेग बेताचा, ताशी २०० किलोमीटरच्या आसपास, पण एकदा वर गेलं की २० तास सहज. म्हणजे लढायला कुचकामी, टेहळणीला मात्र एक नंबर!

४ एप्रिलला कॅनडाचे लिओनार्ड बर्चल आठ सहकाऱ्यांसह पहाटेच निघाले. सिलोनमध्ये ते नुकतेच आले होते. दिवसभर नुसता समुद्र. परत फिरायच्या बेतात असताना लांब ठिपके दिसले. जवळ जाऊन पाहिलं, तर जपानचं विमानवाहू जहाजांचं आख्खं आरमार!

पळून जाणं शक्यच नव्हतं. झीरो विमानं मागे लागली. नियम असा की मेसेज तीनदा पाठवायचा. तिसऱ्यांदा पाठवताना रेडिओच उडाला. विमान समुद्रात कोसळलं, नऊपैकी सहाच वाचले, आणि ते जपान्यांच्या हाती लागले.

पुढे बर्चलना ‘सिलोनचा तारणहार’ म्हटलं गेलं. मला हे पूर्ण पटत नाही. मेसेजमुळे कोलंबो बंदरातली बरीच जहाजं आधीच बाहेर पडली, हे खरं. पण ५ तारखेला ईस्टरच्या सकाळी रडारवर काही कळलंच नाही, आणि रत्मलानाच्या धावपट्टीवरची लढाऊ विमानं जमिनीवर असतानाच हल्ला आला. आदल्या रात्री कोलंबोहून निघालेल्या ‘कॉर्नवॉल’ आणि ‘डॉर्सेटशायर’ या क्रूझर त्याच दुपारी भर समुद्रात बुडाल्या. ४२४ जण गेले. इशारा मिळाला होता हो, पुढचं सांभाळता आलं नाही. त्यात बर्चलचा काय दोष?

त्यांनी नंतर सांगितलेला एक किस्सा मात्र डोक्यातून जात नाही. जपानी जहाजावर चौकशी चालू होती: मेसेज पाठवलास का? सगळे ठामपणे नाही म्हणत होते. तेवढ्यात जपान्यांच्या रेडिओवर कोलंबोचा आवाज आला. मेसेज पुन्हा पाठवा, म्हणून.

मग परत मारहाण सुरू झाली. बर्चल सुटले ते १९४५ मध्ये.