नाळ : एका शब्दाचा आणि सुईणींचा इतिहास

आज आपण एका शब्दाचा इतिहास बघणार आहोत. शब्द आहे नाळ.

कशेडीच्या या पट्ट्यात भात कापलं की वाल पेरतात. वालाची हिरवी शेंग उकलून बघा. प्रत्येक दाणा इवल्याशा देठाने शेंगेच्या शिरेला धरून असतो. झाडाने तयार केलेलं अन्न या देठातूनच दाण्यात जातं. दाणा पिकला की देठ सुटतो आणि त्या जागी पांढरी रेघ राहते. बिरड्यासाठी वाल भिजवतो तेव्हा मोड त्या रेघेच्या टोकाशीच फुटतो. ही रेघ म्हणजे दाण्याची बेंबीच.

लॅटिन भाषेत बारीक दोरीला फ्युनिक्युलस म्हणतात. शास्त्रज्ञांनी बीजाच्या देठाला हेच नाव दिलं, आणि बाळाच्या नाळेलाही. त्यांना दिसली ती दोरी. आपला शब्द मात्र संस्कृत नाल, नाडी यांच्या घरातला. नाल म्हणजे कमळाचा असतो तसा पोकळ देठ. दोरी नुसती बांधते, पोकळ देठातून काहीतरी वाहतं. सह्याद्रीत चिंचोळ्या घळीतून उतरणाऱ्या वाटेलाही नाळच म्हणतात. पुण्याकडच्या मोहरीहून आपल्या महाड तालुक्यातल्या लिंगाण्याकडे उतरते ती बोराट्याची नाळ.

बाळाच्या नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात. एक बाळाकडे अन्न आणि प्राणवायू नेते, दोन बाळाकडचं रक्त वारेकडे परत नेतात. आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही, देवघेव वारेत होते. आईच्या रसाची नाडी बाळाच्या बेंबीच्या नाडीला जोडलेली असते, असं सुश्रुतसंहितेत सांगितलं आहे. बेंबीपासून आठ अंगुळांवर दोऱ्याने बांधून नाळ कापावी, असंही त्यात आहे.

पण ग्रंथ वाचून नाळ कापणारं गावात कोण होतं? हे काम सुईणीचं. तिचं नाव कुठल्या दप्तरात नाही, पण घरोघरची माणसं तिच्या हातून जगात आली. अनेक सुइणी वार पडेपर्यंत नाळ कापत नसत. थांबण्यात तथ्य होतं. वारेतलं रक्त तेवढ्या वेळात बाळाला मिळतं आणि पुढे लोह कमी पडत नाही. आज जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की जन्मानंतर किमान एक मिनिट तरी नाळ बांधू नये.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. नाळ विळ्याने कापायची, वर राख किंवा शेण लावायचं, ही रीत बाळांच्या जिवावर उठली. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. ते ताज्या जखमेतून आत शिरत, आणि पाचवी-सटवी पुजायच्या दिवसांतच बाळ दूध ओढेनासं होई, ताठ होई. लोक म्हणत, सटवाईने नेलं. किती आयांनी हा दोष आपल्या नशिबावर घेतला असेल!

हे थांबलं ते गरोदरपणातल्या धनुर्वाताच्या इंजेक्शनाने, दाई प्रशिक्षणातल्या नव्या ब्लेडने आणि स्वच्छ दोऱ्याने, आणि 2005 नंतर वाढलेल्या दवाखान्यातल्या बाळंतपणांनी. 2015 साली भारताने नवजात बाळांचा धनुर्वात जवळजवळ संपवला. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकापेक्षा कमी बाळाला तो होतो. 'संपवला' म्हटलं तरी जंतू मातीत आहेतच. म्हणून इंजेक्शन चुकवू नका. नाळ कोरडी ठेवा, आपल्या मनाने तिला काही लावू नका. ती आपोआप गळते. लाली, पू किंवा दुर्गंधी दिसली तर लगेच आशाताईंना सांगा.

एक काम तुमच्यावर सोपवतो. आपण म्हणतो, माझी नाळ या मातीशी जोडलेली आहे. पूर्वी वार आणि नाळ खरोखरच घराजवळ पुरत. पण आपल्यापैकी बहुतेकींची नाळ पुरली माहेरी आणि आयुष्य गेलं सासरी. पुढच्या बचत गटाच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्याला जगात आणणाऱ्या सुईणीचं नाव सांगायचं. आठवत नसेल तर आईला, आत्याला विचारा. आपण ती नावं गटाच्या वहीत लिहू. गावाच्या इतिहासात त्यांचीही जागा आहे.