पवाडा, बालपरवेशी आणि हुतात्मा : शौर्यपूजेच्या काही शब्दांचा इतिहास

मराठी मुलाच्या कानावर पराक्रमाची पहिली गोष्ट पडते ती बहुधा तानाजीची. घोरपड, दोर, कापलेला दोर, मुलाचे राहिलेले लग्न हे तपशील त्याला इतिहास म्हणून शिकविण्यापूर्वीच पाठ झालेले असतात. पुढे तोच मुलगा महाविद्यालयात येतो आणि बलिदानाविषयी बोलू लागतो, तेव्हा त्याच्या बोलण्यातील आदर खरा असतो. परंतु ज्या शब्दांतून तो आदर व्यक्त होतो ते शब्द त्याचे स्वतःचे नसतात. ते निरनिराळ्या काळांत, निरनिराळ्या गरजांपोटी घडलेले आहेत. तरुण मनातील शौर्यपूजेचा विचार करावयाचा तर या शब्दांच्या इतिहासापासून आरंभ करणे सोयीचे होईल.

प्रथम ‘पवाडा’ किंवा ‘पोवाडा’ हा शब्दच घेऊ. आज त्याचा अर्थ शाहिराने डफाच्या साथीवर गायिलेले वीरगीत असा आहे. परंतु जुन्या मराठीत हा शब्द पराक्रम, कीर्ती या अर्थांनी येतो. म्हणजे पवाडा ही आधी करावयाची गोष्ट होती. गावयाची गोष्ट ती मागाहून झाली. कृतीचे नाव कृतीच्या वर्णनाला मिळणे हा अर्थपरिवर्तनाचा नेहमीचा प्रकार आहे. येथे मात्र त्याला एक सामाजिक बाजू आहे. अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा किंवा तुळशीदासाचा तानाजीचा पोवाडा ऐकणाऱ्या पिढ्यांना मूळ प्रसंग पाहावयास मिळणे शक्य नव्हते. त्यांच्यापुरते गाणे हाच पराक्रम होता. इ. स. १८९१ मध्ये अ‍ॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, तेव्हा हे गाणे पुस्तकात आले, आणि इ. स. १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीने सिंहगडाची कथा सुशिक्षितांच्या घराघरांत नेली. तानाजीमुळे कोंढाण्याला सिंहगड हे नाव पडले ही समजूत या परंपरेने इतकी दृढ केली की, इ. स. १६७० पूर्वीच्या पत्रव्यवहारातही ‘सिंहगड’ हे नाव आढळते हे सांगितले असता विद्यार्थ्याला ते रुचत नाही. वस्तुतः या माहितीने तानाजीचे शौर्य तिळभरही कमी होत नाही.

रणांगणावरील मृत्यूसाठी मराठीत दोन प्रयोग विशेष रूढ होते. त्यांपैकी ‘धारातीर्थी पडणे’ हा संस्कृत परंपरेतला आहे. ‘धारा’ म्हणजे शस्त्राची धार, आणि ‘धारा’ म्हणजे पाण्याचा प्रवाहही. या श्लेषामुळे तलवारीचे पाते हेच तीर्थ ठरते आणि मृत्यू हे स्नान ठरते. दुसरा प्रयोग बखरींच्या व कागदपत्रांच्या भाषेतला : अमुक इसम ‘कामास आला’. हिंदीतील ‘काम आना’ हा याच घरातला प्रयोग. त्यात ना स्वर्ग आहे ना स्नान. कोणाचे तरी काम होते, ते करताना हा माणूस खर्ची पडला, एवढेच त्यात सांगितले आहे. पहिला प्रयोग मृत्यूकडे पाहतो, दुसरा कामाकडे. तरुणांना पहिला आवडतो, आणि यात नवल नाही. परंतु राज्याचा व्यवहार दुसऱ्या प्रयोगावर चालत असे.

हा व्यवहार कोणता ते सभासदाच्या बखरीवरून कळते. इ. स. १६९७ च्या सुमारास जिंजीस लिहिलेल्या या बखरीत अफजलखानाच्या प्रसंगानंतरची व्यवस्था नमूद आहे. जे लोक पडले त्यांच्या मुलांस चालवावे, आणि ज्यांना पुत्र नाहीत त्यांच्या बायकांस निम्मे वेतन द्यावे, असा तिचा आशय आहे. पेशवेकालीन कागदपत्रांत अशा नेमणुकीला ‘बालपरवेशी’ हा स्वतंत्र शब्दच आहे. ‘परवेशी’ हे फारसी ‘परवरिश’ म्हणजे पालनपोषण या शब्दाचे मराठी वळण. कर्नाटकातील शिलालेखांत याच अर्थाची संस्था त्याहून कितीतरी जुनी आढळते. लढाईत पडलेल्या वीराच्या कुटुंबाला दिलेल्या जमिनीस तेथे ‘नेत्तरुगोडगे’ म्हणत. ‘नेत्तरु’ म्हणजे रक्त आणि ‘कोडगे’ म्हणजे देणगी.

आपल्याकडे ‘वीरगळ’ हा शब्दही कन्नडातूनच आला आहे. त्यातील ‘गळ’ म्हणजे ‘कल्लु’, दगड. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर तर नौकायुद्ध कोरलेले आहे. कर्नाटकातील अनेक वीरगळांवर लेख असतात, आणि गाईगुरे सोडविताना मेलेल्या सामान्य माणसाचेही नाव त्यांत मिळते. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळ मात्र मुके आहेत. शेंदूर फासलेला हा दगड कोणाचा, हे गावाला सांगता येत नाही. पूजा उरली, नाव गेले.

नाव उरले तर काय घडते याचे उदाहरण भीमा नदीकाठच्या कोरेगाव येथे आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने उभारलेल्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरली गेली. त्यांतील बरीच ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. हा प्रत्यय महारांच्या नावांत आढळणारा असून काही अभ्यासक त्याचा संबंध ‘नायक’ या शब्दाशी जोडतात. स्तंभ उभारणाऱ्यांचा हेतू स्वतःच्या विजयाचे स्मारक करण्याचा होता. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी अर्जविनंत्यांतून याच जुन्या सेवेचा दाखला दिला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले. पूर्वजांच्या शौर्याविषयीचा आदर येथे हक्काच्या मागणीचे साधन झाला.

तरुण वयातील शस्त्रांचे आकर्षण कोठे नेते याविषयी जोतीराव फुल्यांची साक्ष मोलाची आहे. आपण लहुजीबुवांपाशी दांडपट्टा आणि नेमबाजी शिकलो, आणि त्यामागे इंग्रजी राज्य उलथून टाकण्याचा विचार होता, असे त्यांनीच ‘गुलामगिरी’त (१८७३) सांगितले आहे. याच जोतीरावांनी इ. स. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. तरीही शौर्याचे आकर्षण त्यांनी टाकून दिले नाही. इ. स. १८६९ मध्ये त्यांनी शिवाजी महाराजांवर ‘पवाडा’ रचला, आणि तो कुणबी, माळी, महार, मांग यांना समजेल अशा भाषेत रचला. पराक्रमाची गोष्ट कोणाची आणि ती कोणासाठी सांगावयाची, हा प्रश्न त्यांनी पवाड्याच्या आतूनच उपस्थित केला.

विसाव्या शतकात ‘हुतात्मा’ हा शब्द आला. तो रूढ करण्याचे श्रेय सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीस दिले जाते. अरबी ‘शहीद’ या शब्दाचा धात्वर्थ ‘साक्षी’ असा आहे. ‘हुत’ म्हणजे अग्नीत अर्पिलेले. साक्षी काही पाहतो आणि सांगतो. आहुती बोलत नाही. इ. स. १९५५–५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गोळीबारात बळी पडलेल्यांना हा शब्द लागला, आणि मुंबईच्या फ्लोरा फाउंटनचा परिसर हुतात्मा चौक झाला. त्यांतील माणसे शिपाई नव्हती. अर्थात हा अर्थविस्तार योग्यच होता. परंतु या शब्दाला ‘बालपरवेशी’सारखा जोडीदार मिळाला नाही. आजही कुटुंबाला निवृत्तिवेतन मिळते, पण ते सांगणारा शब्द कचेरीचा आहे, स्तुतीच्या भाषेत त्याला जागा नाही.

याचे एक अलीकडचे उदाहरण पाहू. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले. वय बावीस. तुकडीतले बाकीचे सारे जवान मेले किंवा जखमी झाले असता ते एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्बने तोफ बंद पाडली, एका शत्रूला गोळी घातली, काडतुसे बदलण्यास वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांवर बंदुकीच्या दस्त्याने घाव घातले, आणि लगेच लपलेल्या बंदूकबाजांच्या गोळ्यांनी ते कोसळले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीच्या हाती देण्यात आला. त्यांची कबर वा समाधी तेथे नाही; कॅसिनो येथील स्मारकावर नाव आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. परक्या राजाच्या सैन्यात, परक्या भूमीवर दाखविलेले हे धैर्य खरेच होते. ते धैर्य कोणाच्या कामास आले हा प्रश्नही तितकाच खरा आहे, आणि तो विचारल्याने त्या बावीस वर्षांच्या तरुणाचा अवमान होत नाही.

विद्यार्थ्याच्या मनातील वीरांविषयीचा आदर शिक्षकाने खोडून काढू नये. खोडून तो जातही नाही. मात्र त्या आदराला जुन्या भाषेची दोन्ही अंगे परत मिळवून देता येतील. पोवाड्याने नाव आणि कृती यांचे स्मरण ठेवले, दप्तराने मागे राहिलेल्यांचे. मराठीच्या अभ्यासकाने ही दोन्ही साधने एकत्र वाचावीत. तानाजीचा पोवाडा शिकविताना ‘बालपरवेशी’ या शब्दाचाही अर्थ सांगावा, इतके आपल्या हाती निश्चित आहे.