उतरायची परवानगी

सुट्टीला निघालो की विमान नेमकं भल्या पहाटे मुंबईत उतरतं, घ्यायला येणाऱ्या भावाची झोपमोड होते आणि आपण कंपनीला नावं ठेवतो. पण वेळ एकटी कंपनी ठरवत नाही. आधी दोन देशांचा करार लागतो. मग गर्दीचा विमानतळ उतरायची ठरावीक वेळ देतो, तिला म्हणतात स्लॉट. आपल्या बहरीनचं विमानांशी नातं जुळलं तेही परवानगीच्याच भांडणातून.

१९२९ साली इम्पीरियल एअरवेजने लंडन ते कराची टपालसेवा सुरू केली. वाट इराणच्या किनाऱ्याने होती. इराणने परवानगी दिली, पण मुदतीची. ती संपत आली तेव्हा कंपनीला आखाताची दुसरी बाजू धरावी लागली. ऑक्टोबर १९३२ पासून तिची चार इंजिनांची दुपंखी विमानं बहरीन, शारजा करत कराचीला जाऊ लागली. तिथेही फुकट काही नव्हतं. शारजाच्या शेखांनी दरमहा भाडं ठरवून घेतलं, तेही रुपयांत. तेव्हा आखातात आपलाच रुपया चालत असे.

त्याच महिन्यात, १५ ऑक्टोबरला, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. विलायतेची पत्रं आता आखातावरून कराचीला आणि तिथून टाटांच्या विमानाने मुंबईला येऊ लागली.

पुढे १९४४ च्या शिकागो करारात ठरलं, की आपल्या आकाशावर हक्क ज्या त्या देशाचा. म्हणूनच २१ जानेवारी १९७६ ला ब्रिटिश एअरवेजचं पहिलं प्रवासी कॉन्कॉर्ड लंडनहून बहरीनला आलं. अमेरिकेची परवानगी तेव्हा मिळालेली नव्हती!

आज अडचण जागेची आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं सोडता येत नाहीत. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली, तेव्हा तिचे मुंबईतले स्लॉट इतर कंपन्यांना वाटले गेले. विमान भाड्याने मिळतं, सोयीची वेळ मिळत नाही.

तेव्हा मंडळी, तिकीट महागलं किंवा वेळ गैरसोयीची वाटली, तर तक्रार कंपनीकडे जरूर करा. पण दोन देशांनी आठवड्याला किती जागा ठरवल्यात, हेही विचारा. नव्वद वर्षांपूर्वी आपल्या पत्रांची वाट परवानगीने ठरली. आज आपली ठरते.